खोली, कान आणि आवड : होम थिएटरचा आवाज जुळवताना

दुकानात भरदार वाटलेला स्पीकर घरी आणून लावला की घुमू लागतो किंवा किरटा वाटतो. चित्रपटातले पार्श्वसंगीत भिंती हलवते, पण पात्रे काय बोलतात ते आजींना कळत नाही. आवाज वाढवावा तर शेजारी तक्रार करतात. मग घरातला प्रत्येक जण रिमोट हातात घेऊन बास आणि ट्रेबल आपापल्या मताने कमीजास्त करतो आणि शेवटी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय संपवला जातो.

हा सगळा खरेच आवडीचा प्रश्न आहे का? तंबोऱ्याचे उदाहरण घ्या. तंबोऱ्याचा षड्ज गायकाच्या षड्जाशी जुळला की नाही, यात आवडीला जागा नाही. तो जुळतो किंवा जुळत नाही. पण तार आणि घोडी यांच्यामधला जवारीचा धागा किती सरकवायचा, म्हणजे आवाज किती खुला आणि किती बंद ठेवायचा, हे मात्र गायकाच्या पसंतीवर असते. आधी तार लावायची, मग जवारी. होम थिएटरचेही असेच आहे. त्यात मोजून जुळवायचा एक भाग आहे, आपल्या कानामुळे येणारा दुसरा भाग आहे, आणि या दोन्हींनंतर उरते ती आवड. हे तीन भाग क्रमाने पाहू.

खोली हेही एक वाद्यच

स्पीकरमधून निघालेला आवाज थेट आपल्या कानावर येतो, त्याचप्रमाणे भिंती, फरशी आणि छतावरून परावर्तित होऊनही येतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी तरंगलांबी बरोबर मावली, की त्या वारंवारतेला अनुनाद होतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. समजा, आपली बैठकीची खोली ४.५ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की पहिली अनुनाद वारंवारता मिळते. लांबीसाठी ती ३८ हर्ट्झ, रुंदीसाठी ५२ हर्ट्झ आणि उंचीसाठी ५७.५ हर्ट्झ येते. या वारंवारतांचे आणि त्यांच्या पटींतले स्वर खोली स्वतःच वाढवते. खोलीच्या तिन्ही बाजू सारख्या असतील तर तिन्ही अनुनाद एकाच जागी पडतात आणि एकच स्वर फार घुमतो. म्हणून घनाकार खोली संगीतासाठी वाईट.

अनुनादाच्या वेळी भिंतीजवळ ध्वनीचा दाब सर्वांत जास्त असतो, तर पहिल्या अनुनादात खोलीच्या बरोबर मध्यावर तो सर्वांत कमी असतो. त्यामुळे एकाच खोलीत भिंतीला टेकून बसलेल्याला बास जास्त वाटतो आणि मधोमध बसलेल्याला कमी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात! त्यांनी एकमेकांच्या आवडीवर वाद घालण्यापेक्षा जागा बदलून पाहावी.

स्पीकर कोपऱ्यात ठेवला तरी बास वाढतो. स्पीकरजवळच्या प्रत्येक भिंतीमुळे खालच्या स्वरांची पातळी जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत वाढू शकते. म्हणून बटणांना हात लावण्याआधी स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे-मागे सरकवून पाहावेत. हा उपाय फुकटचा आहे आणि सर्वांत गुणकारीही.

फक्त खालचे स्वर वाजवणारा सबवूफर कुठे ठेवावा हे शोधण्याची एक गमतीदार रीत आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, बासचे संगीत लावायचे आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरायचे. जिथे बास सर्वांत सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. यामागे ध्वनिशास्त्रातले व्युत्क्रमाचे तत्त्व आहे. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधल्या ध्वनीच्या वाटेचा परिणाम तोच राहतो.

एखाद्या जागी एखादा स्वर परावर्तनामुळे जवळजवळ नाहीसा होत असेल, तर इक्वलायझरने तो भरून निघत नाही. थेट येणारा तरंग वाढवला की त्याला खोडणारा परावर्तित तरंगही तितकाच वाढतो. वर १० डेसिबल वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते ती वेगळीच. उलट, अनुनादाने वाढलेला स्वर कमी करता येतो. थोडक्यात, इक्वलायझरने डोंगर कापावेत, दऱ्या भरायला जाऊ नये.

उघडी खिडकी : शोषणाचे माप

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातले तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबाइन यांच्यावर एक अवघड काम सोपवले गेले. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नसे, कारण तोंडातून निघालेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि एकेक गादी वाढवत निनाद किती कमी होतो ते मोजले. त्यातून साधे सूत्र मिळाले. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. उत्तर येते तो निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारे सेकंद. शोषणाचे एकक म्हणून सॅबाइन यांनी उघडी खिडकी घेतली. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून १ चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे १ एकक शोषण.

आपल्या खोलीचे घनफळ सुमारे ४४.५ घनमीटर आहे आणि भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग ७६.५ चौरस मीटर. गिलावा आणि गुळगुळीत फरशी त्यांच्यावर पडणाऱ्या ध्वनीचा सुमारे २ टक्के भागच शोषतात. म्हणजे रिकाम्या, बंद खोलीचे शोषण १.५ एकक आणि निनादकाल ४.७ सेकंद! आता जाड पडदे, गाद्या-उशा, पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे मिळून सुमारे ९ एकके शोषण वाढले, तर निनादकाल ०.७ सेकंदावर येतो. संवाद नीट कळू लागतात. आपल्याकडे घरभर गालिचे नसतात, फरशी उघडी असते. त्यामुळे महागड्या स्पीकरपेक्षा एक जाड सतरंजी आणि पडद्याचे कापड पुष्कळदा जास्त उपयोगी पडते. मात्र पडदा वरचे स्वर शोषतो, बास नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिच्यापुढे दोन मिलिमीटरच्या कापडाची काय कथा!

अंतर आणि पातळी

चित्रपटासाठीच्या नेहमीच्या मांडणीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. मधला स्पीकर अगदी समोर, डावा-उजवा मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर ठेवतात. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तो ३ मीटरवर आणि मागचा एक १.३ मीटरवर असेल तर मागचा आवाज ५ मिलिसेकंद आधी पोहोचतो. एवढ्याशा वेळेने काय बिघडते? जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली पीएच.डी.साठी केलेल्या प्रयोगांतून दिसले, की एकच ध्वनी थोड्या अंतराने दोन ठिकाणांहून आला तर जो आधी येतो त्याच दिशेने तो आला असे आपल्याला वाटते. नंतरचा काहीसा मोठा असला तरीही! म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा थांबवून सोडतात. ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचे अंतर भरायला सांगतात ते यासाठी. एक मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद, असा हिशेब.

यानंतर पातळी. यासाठी ॲम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून धबधब्यासारखा ‘खऽऽ’ असा आवाज सोडतो. त्याला पिंक नॉइज म्हणतात. त्यात प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण करणाऱ्या मोठ्या दालनात मुख्य स्पीकरसाठी ही पातळी ८५ डेसिबल ठेवतात, घरच्या ॲम्प्लिफायरमध्ये चाचणीसाठी बहुधा ७५. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ध्वनिमापक धरून प्रत्येक स्पीकर सारख्या पातळीवर आणायचा. मोबाइलमधले ध्वनिमापक ॲपही चालेल. त्याचा आकडा अचूक असेलच असे नाही, पण आपल्याला स्पीकरांमधला फरक हवा आहे आणि तो त्यातून कळतो. बासच्या बाबतीत मात्र मोबाइलच्या मायक्रोफोनवर भरवसा ठेवू नये. आजच्या अनेक ॲम्प्लिफायरांबरोबर मिळणारा छोटा मायक्रोफोन अंतर, पातळी आणि खोलीचे अनुनाद आपोआप मोजतो. काम तेच, फक्त यंत्र करते.

इथवर तार लागली.

कानाचा हिशेब

सगळे मोजून झाले, तरी रात्री आवाज बारीक केला की बास गेल्यासारखा का वाटतो? बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले, की आपला कान सर्व वारंवारतांना सारखा तीक्ष्ण नाही. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १००० हर्ट्झचा ८० डेसिबलचा स्वर आणि १०० हर्ट्झचा सुमारे ९२ डेसिबलचा स्वर आपल्याला सारखेच मोठे वाटतात. हाच १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर आणला, तर त्याच्याइतका मोठा वाटायला १०० हर्ट्झला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आपण बटण फिरवून दोन्ही स्वर ४० डेसिबलने खाली आणतो, तेव्हा बास ५२ वर येतो. कानाला हवे होते त्यापेक्षा १२ डेसिबल कमी. म्हणून हळू आवाजात बास थोडा वाढवणे ही चैन नाही, ती दुरुस्ती आहे.

आजींचेही तसेच. वयाबरोबर प्रथम वरच्या वारंवारता ऐकू येईनाशा होतात. स्वरांची ऊर्जा खालच्या भागात असते, पण स, श, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या भागात असते. ‘साप’ आणि ‘ताप’ यांतला ‘आ’ आजींना ऐकू येतो, पहिले व्यंजन निसटते. सगळा आवाज वाढवून हे सुधारत नाही, कारण संगीतही तितकेच वाढते. फक्त मधला स्पीकर २-३ डेसिबलने वाढवावा, सबवूफर थोडा उतरवावा, पडदे ओढावेत. तरीही कळत नसेल तर कानाची तपासणी करून घ्यावी. घरात ज्याला आपण हट्ट समजतो, तो कित्येकदा बहिरेपणाची सुरुवात असते.

दुसरी बाजू मोठ्या आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याला चारच तास उरतात.

आता आवड

आवड तपासताना दोन गोष्टी आपल्याला फसवतात. पहिली म्हणजे मोठा आवाज. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो सहसा ‘चांगला’ वाटतो. म्हणून तुलना नेहमी सारख्या पातळीवर करावी. दुसरी गोष्ट म्हणजे डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकत होते. स्पीकर दिसत असताना आकार, किंमत आणि नाव यांनी मत बदलले. टूल यांच्या कॅनडातल्या आधीच्या प्रयोगांत असेही दिसले होते, की स्पीकर दिसत नसले तर श्रोत्यांची मते आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुळतात.

तरीही खरी आवड उरतेच. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली श्रोत्यांना बास आणि ट्रेबल स्वतःच जुळवायला दिले, तेव्हा निवडींमध्ये स्पष्ट फरक दिसला. ऐकण्याचा सराव नसलेल्यांनी दोन्ही जास्त निवडले. तेव्हा आपली आवड जुळवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही दोन-दोन डेसिबलने. नोंद ठेवावी आणि निर्णयाआधी दोन-तीन दिवस ऐकावे, कारण कान सरावतो. पारखण्यासाठी ओळखीच्या माणसाचा आवाज, तबल्याचा डग्गा आणि तंबोरा पुरेसे आहेत.

वर्गात करून पाहा

१. आंधळी चाचणी : एकाच गाण्यासाठी बासच्या दोन मांडण्या ठरवा आणि गाण्याची एकूण पातळी सारखी ठेवा. नाणे उडवून कोणती लावायची ते ठरवा आणि विद्यार्थ्याने डोळे मिटून ओळखावी. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे साधारण १ टक्का असते. नऊ बरोबर आले तर फरक खरेच ऐकू येतो असे म्हणायला हरकत नाही.

२. शेवटच्या बाकाची परीक्षा : काप, ताप, साप, माप, चाप, बाप असे शब्द उलटसुलट क्रमाने, ओठ झाकून वाचा. मुलांनी ऐकलेला शब्द लिहावा. पहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्या चुका मोजा.

३. वर्गाचा निनाद : समजा वर्ग ७ मीटर × ६ मीटर × ३.३ मीटर आहे. चार उघड्या खिडक्यांची सात एकके, चाळीस मुलांची प्रत्येकी ०.३ धरून बारा आणि भिंती वगैरेंची साडेतीन. निनादकाल येतो सुमारे १ सेकंद. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात नेहमीच्या आकाराच्या वर्गासाठी तो ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. आपल्या वर्गाची मापे घेऊन हे गणित मुलांकडून करून घ्या.

वर्गातल्या टीव्हीचा किंवा स्पीकरचा आवाज वाढवला तर निनादही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे मागच्या मुलाला शब्द स्पष्ट होत नाही. एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन लहान स्पीकर मुलांच्या जवळ, कमी आवाजात ठेवावेत. मागच्या भिंतीवर थोडे अंतर सोडून जाड सतरंज्या टांगाव्यात. त्यानंतर शब्दांची तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. चुका कमी झाल्या, तर शेवटच्या बाकावरचे एखादे ‘लक्ष न देणारे’ मूल इतके दिवस नुसते ऐकू येत नाही म्हणून मागे पडत होते, असेही आढळेल.