पऱ्हाटी-तुराट्यांचा धंदा: आधी गिऱ्हाईक, मग मशीन



आपल्या सेनगाव भागात तूर निघाली की तुराट्या उरतात, कापूस संपला की पऱ्हाटी. थोडी चुलीत जाते, बाकी आपण बांधावर पेटवून देतो. ती दाबून, कांड्या करून विकता येते का? येते. पण आधी बाजार समजून घ्या.

लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा हे सगळं घन जैवइंधन. भारतात आणि आफ्रिकेत ते अजूनही मोठ्या प्रमाणात चुलीत जळतं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघरी पोचला. तरी अंघोळीचं पाणी तापवायला चूल आहेच. स्वीडनमध्ये मात्र याच इंधनावर शहरंच्या शहरं ऊबदार ठेवतात. ब्रिटनच्या ड्रॅक्स वीजकेंद्रानं कोळशाऐवजी लाकडाचे पेलेट धरले, तेही बहुतेक अमेरिकेतून जहाजानं येतात. जपान आणि कोरिया व्हिएतनामकडून घेतात.

थोडक्यात, मोठं गिऱ्हाईक चूल नाही, बॉयलर आहे.

भारतातही 2021 च्या धोरणानं कोळशाच्या वीजकेंद्रांत 5 टक्के पेलेट मिसळायचं ठरलं. पण पुढे मुदती बदलल्या. म्हणून नुसत्या धोरणाच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आता खरी गोम सांगतो: ओलावा. समजा, 1,000 किलो पऱ्हाटी 30 टक्के ओलाव्याची घेतली. ती 10 टक्क्यांवर वाळवली की हातात राहते साधारण 778 किलो. म्हणजे 222 किलो पाण्याचे पैसे तुम्ही मोजले! नफा इथंच बुडतो.

दुसरी गोष्ट, हंगाम. माल मिळतो दोन-चार महिने, बॉयलर चालतो बारा महिने. म्हणजे शेड हवं, आगीपासून राखण हवी आणि माल भरून ठेवायला खेळतं भांडवल हवं. मशीनच्या किमतीत हे कोणी सांगत नाही.

म्हणून मशीन बघायला जाण्याआधी तीन कामं करा:

1. जवळपासच्या बॉयलरवाल्यांना भेटा. हळद शिजवणाऱ्यांनाही विचारा: आज काय जाळता, किती रुपयांचं?
2. त्यांच्याकडून दर आणि महिन्याची मागणी लिहून घ्या.
3. तोडणी, वाहतूक, वाळवणी, वीज आणि हप्ता धरून किलोचा खर्च काढा.

दर खर्चाच्या वर राहत नसेल तर थांबा. थांबणं हाही धंद्यातला शहाणपणाच आहे. कागद-पेन घ्या आणि आजच पहिला फोन लावा!