डोलत्या मंचावरचा रोबो : समतोल नेमका कोठे ठरतो?

ज्या पृष्ठभागावर रोबो उभा आहे तो पृष्ठभागच त्याच्या वजनाने झुकत असेल, तर स्वतःचा तोल आणि पायाखालच्या मंचाचा तोल हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत. रोबो जरा जरी पुढे सरकला तरी मंच हलतो आणि मंच हलला की रोबोला लागू होणारे बळांचे सारे गणित बदलते. अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आता अनेक देशांतील शालेय विद्यार्थी भाग घेत असलेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेने हा प्रश्न २००१, २०१२ आणि २०२३ या वर्षांच्या खेळांत मैदानावर मांडला. ‘फर्स्ट’ ही संस्था संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केली आणि एमआयटीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांच्या सहकार्याने १९९२ मध्ये न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर येथे पहिली स्पर्धा भरवली. स्वतःचा तोल सांभाळणारे ‘सेगवे’ हे दुचाकी वाहन २००१ मध्ये जगापुढे आणणारे संशोधकही केमेनच, आणि त्याच वर्षी स्पर्धेच्या मैदानाच्या मधोमध झुकणारा पूल उभा होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

या तिन्ही खेळांचा, विशेषतः पुढील दोहोंचा, अभ्यास केला तर एक निष्कर्ष ठळकपणे समोर येतो. समतोल साधणारे खास उपकरण रोबोवर मागाहून बसवून हा प्रश्न सुटत नाही. त्याचे उत्तर बहुतांशी सांगाड्याची रुंदी, वजनाची मांडणी आणि चाकांची रोधनक्षमता या आरंभीच्या निर्णयांत ठरलेले असते.

दोन खेळ, दोन मंच

२०१२ च्या ‘रिबाउंड रंबल’ या खेळात बास्केटबॉलसारखे चेंडू फेकण्याबरोबरच तीन पूल होते : प्रत्येक बाजूचा एक आणि मधला दोन्ही बाजूंचा सामाईक. पूल आडव्या स्थितीच्या ५ अंशांच्या आत असला आणि त्याला टेकलेल्या रोबोंचा संपूर्ण भार त्याच्यावरच असला, तरच तो समतोल मानला जाई. साखळी सामन्यांत एका रोबोला १० व दोन रोबोंना २० गुण मिळत, तर बाद फेरीत तीन रोबो एकाच पुलावर तोलले गेल्यास ४० गुण मिळत. मधल्या पुलावर परस्परविरोधी बाजूंचा एकेक रोबो मिळून तोल साधला, तर दोन्ही बाजूंना क्रमवारीचे २ गुण मिळत, म्हणजे सामना जिंकल्यावर मिळत तेवढेच. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याबरोबर नीट उभे राहता येणे हीसुद्धा रचनेची एक कसोटी ठरली. रिकामा पूल आडवा असताना त्याची कड जमिनीपासून उंच राही, म्हणून ती खाली दाबण्यासाठी अनेक संघांनी पुढे झुकणारी भुजा किंवा पाचरीसारखा तिरका भाग बसवला.

२०२३ च्या ‘चार्ज्ड अप’ या खेळात भुजेची ही गरज उरली नाही, कारण मंचाच्या दोन्ही बाजूंना बिजागरीने जोडलेले उतार होते. हा मंच सुमारे २.४७ मीटर रुंद होता, वरचा सपाट भाग सुमारे १.२२ मीटर खोल होता आणि आडव्या स्थितीत त्याची उंची सुमारे २३ सेंटिमीटर भरे. मंच आडवा असताना उताराचा कोन ३४ अंशांच्या आसपास असे, पण रोबोने उतार दाबला की मंच त्याच्याकडे सुमारे १५ अंशांपर्यंत झुके आणि उताराचा कोन ११ अंशांवर येई. नियम मात्र कडक झाला : मंच २.५ अंशांच्या आत आडवा हवा, म्हणजे त्याच्या दोन कडांच्या उंचीत सुमारे ५ सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नसे. पहिल्या १५ सेकंदांत, म्हणजे माणसाने न चालवता रोबो केवळ आज्ञावलीनुसार चालतो त्या टप्प्यात, नुसते मंचावर असण्याला ८ आणि मंच आडवा ठेवण्याला १२ गुण होते. अखेरच्या टप्प्यात हेच गुण प्रत्येक रोबोमागे ६ व १० होते.

वजन, उंची आणि रुंदी

टेकूपासूनचे अंतर आणि वजन यांच्या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात, आणि दोन्ही बाजूंची आघूर्णे सारखी झाली की मंच आडवा राहतो. सीसॉवर बसणाऱ्या मुलांना हे अनुभवाने कळते. रोबोच्या बाबतीत अडचण अशी की त्याचे वस्तुमानकेंद्र, म्हणजे ज्या बिंदूत सर्व वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, टेकूच्या वर असतो. मंच किंचित झुकताच हा बिंदू झुकलेल्या बाजूलाच सरकतो आणि झुकाव आणखी वाढवतो. म्हणून हा समतोल मुळातच अस्थिर असतो आणि बिजागरीतील घर्षण त्याला थोडाफार आधार देते. मंचावर एकाऐवजी तीन रोबो आले तर घर्षण जवळजवळ तेवढेच राहून भार तिप्पट होतो, त्यामुळे सामाईक वस्तुमानकेंद्राच्या जागेत चालणारी चूक साधारण एक तृतीयांशावर येते. तीन रोबोंचा तोल एकापेक्षा कितीतरी अवघड असण्याचे एक कारण हे आहे.

उंचीचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या व मागच्या चाकांत ६० सेंटिमीटर अंतर असलेल्या रोबोचे वस्तुमानकेंद्र ३० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर स्थिर अवस्थेत तो ४५ अंशांच्या उतारापर्यंत उलटत नाही. तेच केंद्र ६० सेंटिमीटरवर गेले तर ही मर्यादा सुमारे २७ अंशांवर येते, आणि चढताना बसणारे धक्के व ब्रेक यांमुळे ती प्रत्यक्षात आणखी कमी होते. म्हणून बॅटरी आणि मोटारी तळाशी ठेवणे आणि चढण्यापूर्वी भुजा मिटून घेणे हा शहाणपणा ठरतो. हीच भुजा नंतर सूक्ष्म तोलासाठी उपयोगी पडते, कारण ६५ किलोच्या रोबोने ४ किलोचा भाग ८० सेंटिमीटर पुढे सरकवला तर चाके न फिरवता वस्तुमानकेंद्र जवळपास ५ सेंटिमीटर पुढे जाते.

रुंदीचे गणित तर पहिल्याच आराखड्यात करावे लागते. मंचावर तीन रोबो शेजारी शेजारी मावायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८२ सेंटिमीटर येतात आणि दोन्ही बाजूंच्या बंपरचे अंदाजे १६ सेंटिमीटर वजा केले की सांगाड्याला ६६ सेंटिमीटरच उरतात. २०२३ मध्ये सांगाड्याच्या एकूण परिघाची मर्यादा १२० इंच, म्हणजे सुमारे ३०५ सेंटिमीटर, असल्याने अरुंद रोबोला लांबी वाढवता येई. चढण्याच्या दिशेने त्याची स्थिरता त्यामुळे वाढते, पण आडव्या दिशेने ती घटते.

मोजणे आणि थांबणे

झुकाव मोजण्यासाठी कोनीय वेग टिपणारा जायरोस्कोप आणि गुरुत्वाची दिशा सांगणारा त्वरणमापक यांचा एकत्रित उपयोग केला जातो. स्पर्धेतील मानक नियंत्रक ही वाचने साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी तपासतो आणि झुकावाच्या प्रमाणात चाकांना वेग देतो. झुकाव, त्याची साठत गेलेली बेरीज आणि त्याच्या बदलाचा दर या तिन्हींवर प्रतिसाद ठरवणाऱ्या पद्धतीला पीआयडी नियंत्रण म्हणतात. परंतु केवळ ‘कोन शून्य झाला की थांब’ अशी आज्ञा दिली तर रोबो हमखास पुढे निघून जातो, कारण मंचाला हलायला वेळ लागतो आणि सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारा रोबो ०.२ सेकंदात २० सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून कोनाऐवजी त्याच्या बदलाच्या दरावर लक्ष ठेवणे, मंच खाली येऊ लागताच थांबणे, हवे तर किंचित मागे येणे आणि मग मंच शांत होऊ देणे ही पद्धत अधिक भरवशाची ठरते.

थांबल्यानंतर घसरू नये यासाठी मोटारीच्या दोन टोकांमध्ये जोडणी करून तिला फिरण्यास विरोध करायला लावतात. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवता येणाऱ्या ‘स्वर्व्ह’ चालनव्यवस्थेत चारही चाके इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकारात तिरपी वळवली की रोबो कोणत्याही दिशेला सहज ढकलला जात नाही. १५ अंशांच्या उतारावर वजनाचा सुमारे २६ टक्के भाग खाली ओढत असतो, हे लक्षात घेता चाकांचे रबर आणि हा रोध यांना आज्ञावलीइतकेच महत्त्व आहे.

मुंबईतील शालेय विद्यार्थ्यांचा ‘आर फॅक्टर’ हा संघ या स्पर्धेत उतरलेला आहे, पण या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी परदेशी मैदान गाठण्याची गरज नाही. प्लायवूडची एक फळी, मध्यभागी बिजागरी, एक छोटी चाकगाडी आणि झुकाव मोजणारा साधा संवेदक एवढ्या साहित्यावर महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेच्या, आयटीआयच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत आघूर्ण, वस्तुमानकेंद्र, घर्षण आणि नियंत्रण हे चारही विषय एकाच प्रयोगात शिकवता येतील. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा, आणि विद्यार्थ्यांना संगणकावर आज्ञावली लिहायला बसवण्याआधी गाडीचे वजन कोठे आहे हे मोजायला लावावे.