रकान्याबाहेर गेलेली अक्षरे

शनिवार, दि. २५ जानेवारी २००३ रोजी बँक ऑफ अमेरिकेच्या सुमारे १३,००० एटीएमपैकी बहुसंख्य यंत्रांवर ग्राहकांचे व्यवहार होईनासे झाले. तिजोरी फुटली नव्हती, खात्यांतील रकमाही सुरक्षित होत्या. 'स्लॅमर' या अवघ्या ३७६ बाइट लांबीच्या संगणकीय किड्याने जगभरातील इंटरनेटची कोंडी केली होती. ज्या संगणकांत त्याला शिरकाव शक्य होता, त्यांपैकी सुमारे ९० टक्के संगणक त्याने दहा मिनिटांत ग्रासले.

या शिरकावाचे मूळ मेमरीच्या हाताळणीतील एका चुकीत होते. समजा, पैसे भरण्याच्या स्लिपवर नावासाठी वीस चौकटी आहेत आणि कोणी तीस अक्षरे लिहिली. उरलेली दहा अक्षरे शेजारच्या रकमेच्या रकान्यात जातील. काउंटरवरील कर्मचारी अशी स्लिप परत करतो. सी आणि सी प्लस प्लस या भाषा मात्र ही तपासणी सहसा स्वतःहून करीत नाहीत. ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने आठवणीने करावी लागते. ती राहून गेली, की जास्तीची माहिती शेजारच्या जागेत उतरते. 'यापुढे कोणती आज्ञा पाळावयाची' ही नोंदच तेथे असेल, तर हल्लेखोर ती बदलून संगणकाचा ताबा घेऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०००' मध्ये हेच घडले.

१९९५ साली आलेली जावा आणि त्यानंतरची सी शार्प यांसारख्या भाषांत या कर्मचाऱ्याची भूमिका भाषेची कार्यप्रणालीच पार पाडते. मर्यादेबाहेर लिहिण्याचा प्रयत्न झाला, की ती ते काम तेथेच थांबवते. वापरून झालेली मेमरी परत घेण्याचे कामही तीच करते. लॉकरची एक जरी किल्ली कोणाकडे असेल, तरी तो लॉकर दुसऱ्याला द्यायचा नाही, असा तिचा नियम असतो. त्यामुळे जुन्या किल्लीने नव्या ग्राहकाचा लॉकर उघडण्याचा प्रसंग येत नाही. या देखरेखीपायी संगणकाचा थोडा वेळ आणि मेमरी खर्ची पडते, पण चुकांचा एक मोठा वर्गच टळतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तिने दुरुस्त केलेल्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीशी निगडित होते.

तरीही सुरक्षित भाषा म्हणजे अभेद्य कवच नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावातील 'लॉगफोरजे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नोंदलेखन-साधनात गंभीर दोष उघड झाला. तेथे मेमरीची मर्यादा ओलांडली गेली नव्हती. नोंदवून ठेवण्यासाठी आलेला परका मजकूर ते साधन आज्ञा म्हणून पाळत होते.

स्लॅमरच्या कहाणीतील सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. त्या दोषावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी उपलब्ध होती. असंख्य संगणकांवर ती बसविलीच गेली नव्हती. भाषा रकाना सांभाळते. दुरुस्ती वेळेवर बसविण्याची दक्षता मात्र माणसांनाच बाळगावी लागते. हे बँकेच्या संगणक-कक्षाला जितके लागू आहे, तितकेच ग्राहकाच्या हातातील मोबाइललाही.