धुतल्या चेहऱ्याचा उपवास

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आता कुणा एका धर्मापुरती राहिलेली नाही. रमजानात इफ्तारचा भरगच्च दस्तरखान पाहिला की मला ती हटकून आठवते. उपवास पोटापाशीच अडला की त्याचे असे होते. म्हणून ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ, म्हणजेच लेंट, मला समजून घ्यावासा वाटला.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळायचे. रविवार हा येशूंच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. उरतात ४०. हा आकडा बायबलमध्ये पुनःपुन्हा भेटतो. मोशे चाळीस दिवस सीनाय पर्वतावर राहिले. मोशे म्हणजे आमचे हजरत मूसा. त्यांच्या चाळीस रात्रींचा उल्लेख कुराणातही आहे. आणि बाप्तिस्मा घेतल्यानंतर येशूंनी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला.

त्या अरण्यात सैतानाने त्यांना तीन मोह घातले. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील. मला नमन कर, जगातली सारी राज्ये तुझी. भूक, देखावा आणि सत्ता! येशूंनी तिन्ही मोह झिडकारले. यांतला पहिला मोह तेवढा पोटाचा आहे. उरलेले दोन भरल्या पोटीच अधिक छळतात. नुसते जेवण सोडून ते कसे सुटणार?

राखेच्या बुधवारचा विधी याच प्रश्नाला हात घालतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हाती धरून जयजयकार केला, त्याच जाळून ही राख करण्याची रीत आहे. धर्मगुरू ती लावतात आणि माणूस मातीचा आहे, मातीलाच मिळणार आहे, याची आठवण देतात. गंमत अशी, की त्याच दिवशी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचला जातो, त्यात येशू नेमके उलटे सांगतात. उपवास करताना चेहरा उतरवून लोकांत फिरू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. दान आणि प्रार्थनाही गुपचूप करा. कपाळावर राख आणि कानांवर तोंड धुण्याचा उपदेश! मला यात विसंगती वाटत नाही. राख ही भक्तीची पदवी नाही, ती आपल्या मर्त्यपणाची आणि चुकांची कबुली आहे. तिची मिरवणूक निघाली की ती धुतलेलीच बरी.

प्रार्थना, उपवास आणि दान हे या काळाचे तीन आधार. कॅथलिकांमध्ये १८ ते ५९ वयाच्या माणसांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पोटभर जेवायचे, मांस वर्ज्य करायचे, असा नियम आहे. रोजा ठेवणाऱ्याला हे सोपे वाटेल. पण नियम हे केवळ दार आहे. यशया संदेष्ट्याने फार पूर्वी सुनावले होते, की मजुरांना पिळत, भांडत केलेला उपवास देवाला नको. पिडलेल्यांना मोकळे करा, भुकेल्याला आपल्यातली भाकरी द्या. म्हणजे वाचलेला घास गरिबाच्या ताटात पडला नाही, तर ती बचत झाली, उपवास नव्हे.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. क्रूस आणि पुनरुत्थान यांविषयी माझी श्रद्धा ख्रिस्ती श्रद्धेहून वेगळी आहे. ख्रिस्ती माणूस उपवास करून तारण विकत घेत नाही. ते येशूंनी क्रुसावर आपल्यासाठी आधीच साधले, असे तो मानतो. त्याचा उपवास हा त्या प्रेमाला दिलेला प्रतिसाद असतो. म्हणूनच या काळात पापनिवेदन होते, तुटलेली नाती सांधली जातात, आणि ईस्टरला बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारली जातात. वाट राखेपासून निघते, पण पोचते आनंदापाशी.

२०२५ साली आपल्याकडे रमजान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. दोन समाज एकाच वेळी उपाशी होते. अशा वेळी दोघांच्याही उपवासाची परीक्षा शेजारचा भुकेला घेत असतो. आपण कोणत्या ग्रंथासाठी उपाशी राहिलो, हे तो विचारत नाही. आपल्या ताटातले त्याच्यापर्यंत काय पोचले, एवढेच त्याला कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)