किती लांब भेग चालेल?

थंडी पडली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली: अमुक स्थानकाजवळ रुळाला तडा, लोकल उशिरा. दोष थंडीच्या माथी मारला जातो. तो अर्धाच खरा. हल्लीचे रूळ वेल्डिंगने लांबच लांब जोडलेले असतात. गारठ्यात पोलाद आकसू पाहते, आकसायला जागा नसते, म्हणून रूळ ताणला जातो. हा ताण गृहीत धरूनच रूळ घातलेला असतो. तुटतो तो ज्याच्या पोटात आधीपासून भेग वाढत असते तो.

भेग आधीपासून असते हे पचायला अभियंत्यांना शंभरेक वर्षे लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डब्यांना आग लागली, पन्नासहून अधिक माणसे गेली. रोज तोच भार वाहणारा आस एके दिवशी अचानक का मोडावा? प्रशियातील रेल्वे अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे आस फिरवून दाखवले की, एकदा दिल्याने ज्या भाराचे काही वाटत नाही, तोच लाखो वेळा उलटसुलट दिला की धातू मोडतो. हाच धातूचा थकवा. व्योलर यांच्या पद्धतीचे आलेख आजही वापरात आहेत. मात्र किती फेऱ्यांनी मोडेल एवढेच ते सांगतात.

आत काय चालते ते सांगितले अ‍ॅलन ग्रिफिथ यांनी, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा विचार त्यांचाच. फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात असताना १९२० साली त्यांनी काचेवरचे प्रयोग मांडले. काच हिशेबाने असायला हवी त्याहून कितीतरी दुबळी असते. पण तिचा तंतू जसजसा बारीक ओढावा, तसतसा तो मजबूत होत जातो. बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही!

कापडवाला काठाला कात्रीने इवलासा छेद देतो आणि मग कापड हातानेच टर्रकन फाडतो. सगळा ताण छेदाच्या टोकाशी गोळा होतो. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्येच हे गणिताने दाखवले होते. पण मग प्रत्येक ओरखड्याने काच का फुटत नाही? ग्रिफिथ यांनी ऊर्जेचा जमाखर्च मांडला. भेग पुढे सरकली की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, त्यात ऊर्जा खर्ची पडते. उलट भेगेच्या आजूबाजूचा ताण सैलावतो, ती ऊर्जा जमा होते. खर्च वाढतो लांबीच्या पटीत, जमा वाढते लांबीच्या वर्गाच्या पटीत. म्हणून ठरावीक लांबीपर्यंत भेग गप्प असते. ती ओलांडली की स्वतःच्याच मिळकतीवर धावत सुटते.

धातूंची माणसे तरी वीस वर्षे म्हणत राहिली, काच ठिसूळ, पोलाद चिवट, आमचा काय संबंध? १६ जानेवारी १९४३ च्या रात्री तो संबंध उघड झाला. ओरेगनमधील पोर्टलंड येथे धक्क्याला बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात दुभंगले. युद्धाच्या घाईत रिव्हेटांऐवजी वेल्डिंग आले होते. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी थांबण्याची आशा असे. वेल्डिंगने सगळे जहाजच एकसंध केले. दोष एकट्या वेल्डिंगचाही नव्हता. ते पोलाद ठरावीक तापमानाखाली चिवटपणा सोडून ठिसूळ होत असे, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विन यांनी ग्रिफिथ यांचा हिशेब धातूंना लावला.

कॉमेट विमानाची गोष्ट निघाली की चौकोनी खिडक्यांचा उल्लेख हटकून होतो. मला त्यातला दुसराच धागा मोलाचा वाटतो. १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि नेपल्सजवळ ही दोन जेट विमाने आकाशात फुटली. एकाची १,२९० उड्डाणे झाली होती, दुसऱ्याची सुमारे ९००. कारखान्यातल्या चाचणीत मात्र केबिनचा तुकडा १६,००० हून अधिक फेऱ्या टिकला होता. कारण त्या तुकड्यावर आधी दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्याने खिडक्यांचे कोपरे किंचित कायमचे ताणले गेले आणि दाब काढल्यावर तेथे उलटा, भेग दाबून धरणारा ताण उरला. मजबुती तपासण्याच्या नादात तुकडाच विमानापेक्षा टिकाऊ होऊन बसला.

भेग दर फेरीला किती वाढते याचा हिशेब १९६१ मध्ये पॉल पॅरिस यांनी मांडला. नामवंत नियतकालिकांनी लेख नाकारला, म्हणून तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. त्यातून पुढे प्रश्नच बदलला. भेग आहे असेच धरायचे, ती यंत्राला दिसू लागल्यापासून घातक लांबी गाठेपर्यंतचा काळ काढायचा आणि त्या अवधीत एकाहून अधिक वेळा तपासणी होईल असे वेळापत्रक बांधायचे. विमाने आज या हिशेबावर उडतात. रुळांवरून अल्ट्रासोनिक यंत्राची ढकलगाडी फिरते तीही भेग वेळेत सापडावी म्हणूनच.

पण दिसलीच नाही तर? ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८ चा. तारांच्या दोरांऐवजी टोकाला डोळे असलेल्या पोलादी पट्ट्यांची साखळी, आणि प्रत्येक दुव्यात पट्ट्या दोनच. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, एक पट्टी डोळ्याशी मोडली आणि अख्खा पूल कोसळला. ४६ माणसे मेली. गंज आणि ताणाने मिळून वाढवलेली ती भेग जेमतेम अडीच मिलिमीटर खोल होती. सांधा उघडल्याशिवाय ती दिसणे शक्यच नव्हते. त्यानंतर अमेरिकेत पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी कायद्याने सक्तीची झाली. त्याच नदीवर सेंट मेरीज येथे याच घडणीचा जुळा पूल होता. त्याचे सांधेही असेच बंद. तो वाहतुकीला बंद केला आणि १९७१ मध्ये पाडून टाकला.