छापील दाताला जिवंतपणा येतो कसा?

आमच्या परिचयातील एका शिक्षिकेच्या वरच्या, अगदी पुढच्या दाताला मार लागला. रूट कॅनाल झाल्यावर दातावर कॅप बसवणे भाग होते. कायमची कॅप तयार होईपर्यंत काही महिने चालावी म्हणून यंत्रावर छापलेली रेझिनची एक कॅप बसवण्यात आली. रंग नमुन्यांच्या पट्टीशी नीट ताडून घेतलेला होता. तरीही बाई वर्गात हसताना तोंडावर हात धरू लागल्या. मुले काही विचारत नसत, पण बघत असत. दवाखान्यात जुळलेला दात शाळेच्या व्हरांड्यात आला की खडूच्या तुकड्यासारखा दिसे.

रंग जुळूनही दात जुळला नाही, तो का? याचे उत्तर शोधायचे तर आधी खऱ्या दाताकडे नीट पाहायला हवे. एक आरसा आणि एक लहान टॉर्च घ्या व स्वतःचाच पुढचा दात न्याहाळा. हिरडीजवळ तो पिवळसर दिसेल, मध्यभागी अधिक उजळ आणि खालच्या कडेला किंचित निळसर-करडा. आता टॉर्च दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला धरा. मघाशी निळसर दिसलेली कड आता नारिंगी छटेची दिसू लागते. शेजारच्या सुळ्याकडे पाहिलेत, तर तो पुढच्या दातांपेक्षा गडद असल्याचे ध्यानात येईल. म्हणजे 'दाताचा रंग' अशी एक वस्तू नाहीच. एकाच दातात तीन-चार रंग आहेत, आणि प्रकाश कोणत्या बाजूने येतो यावर तेही बदलतात.

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि ते अर्धपारदर्शक असते. त्याच्या आतील डेंटिन पिवळसर व बरेच अपारदर्शक असते. हिरडीजवळ इनॅमल पातळ, म्हणून तेथे डेंटिनचा पिवळेपणा डोकावतो. चावण्याच्या कडेला मागे डेंटिन नसतेच, म्हणून तेथे इनॅमलचा स्वतःचा गुण दिसतो. इनॅमलमधील अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त होते. तो विखुरलेला निळा आपल्याकडे परत येतो आणि आरपार जाणाऱ्या प्रकाशात तांबूस-नारिंगी भाग उरतो. दुपारचे आकाश निळे आणि मावळतीचे तांबडे दिसते, त्याच घराण्यातली ही गोष्ट. वर्गात प्रकाशाचे विकिरण शिकवताना पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून टॉर्च दाखवतात. त्याच तासाला आरसा आणि दात हा प्रयोगही जोडता येईल.

आणखी एक गंमत आहे. तोंड बराच वेळ उघडे राहून दात कोरडे पडले की ते पांढरे दिसू लागतात. इनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२ आहे, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. इनॅमलमधील बारीक फटींतले पाणी जाऊन तेथे हवा आली की दोन माध्यमांतील फरक वाढतो, विकिरण वाढते आणि पांढरेपणा वाढतो. ओले कापड गडद व वाळलेले फिके दिसते, त्याचे कारणही हेच. म्हणून जाणता दंतवैद्य दात ओला असतानाच, उपचार सुरू करण्यापूर्वी रंग ठरवतो. दीड तास तोंड उघडे ठेवल्यानंतर नव्हे. आणि तो दिवसाच्या उजेडात ठरवतो. ब्लाउजपीस जुळवायला गेलेल्या बायका दुकानाबाहेर येऊन कापड पाहतात, तो काही फाजील चोखंदळपणा नव्हे. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या वस्तू ट्यूबलाइटखाली सारख्या आणि उन्हात वेगळ्या दिसू शकतात. खरा दात व रेझिन ही तर मुळातच वेगळी द्रव्ये.

आता छापलेल्या दाताकडे वळू. चार्ल्स हल यांनी अमेरिकेत १९८४ साली ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचेच हे दंतवैद्यकीय रूप. द्रवरूप रेझिनवर ४०५ किंवा ३८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हव्या त्या आकारात पाडला, की तेवढ्याच भागातील एकवारिकांचे बहुवारिक होऊन तो थर घट्ट होतो. मग त्यावर पुढचा थर. थराची जाडी साधारण ५० किंवा १०० मायक्रोमीटर. ५० धरली, तर १० मिलिमीटर उंचीच्या कॅपला २०० थर लागतात. नंतर ती अल्कोहोलने धुतात, आधाराच्या काड्या कापतात आणि प्रकाशपेटीत ठेवून उरलेली घट्ट होण्याची क्रिया पूर्ण करतात.

यात दोन अडचणी जन्मतःच येतात. पहिली अशी, की बहुधा सगळी कॅप एकाच भांड्यातल्या एकाच रेझिनची असते. आत डेंटिन नाही, वर इनॅमल नाही. नमुन्याच्या पट्टीशी मधला रंग जुळतो, पण प्रकाशाला आत शिरून खेळायला वेगवेगळे थर मिळत नाहीत. दुसरी अडचण पायऱ्यांची. कोकणातील डोंगरउतारावरची भातखाचरे डोळ्यांपुढे आणा. उतार दुरून सलग दिसतो, पण असतो पायऱ्यापायऱ्यांचा. कॅपचा गोल उतारही तसाच. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तेथे प्लॅस्टिकची तार वितळवून छपाई करणारे यंत्र बहुधा असते. त्याचे थर साधारण ०.२ मिलिमीटरचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारे. त्यावर छापलेल्या वस्तूवरून नख फिरवले तर करकर लागते. दाताच्या पायऱ्या त्याहून बारीक, पण हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत पन्नास मायक्रोमीटरची पायरी सुमारे शंभरपट मोठी आहे. प्रकाशाच्या दृष्टीने ती भिंतच.

रंगाची अडचण टेक्निशियन कुंचल्याने सोडवतो. आत नसलेली खोली तो पृष्ठभागावर रंगवतो. हिरडीजवळ पिवळा-तपकिरी, कडेला पातळ निळसर-करडा, कुठे पांढुरका ठिपका, तर कुठे केसासारखी फिकट चीर. हे रंग म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये मिसळलेली खनिज रंगद्रव्ये होत. पिवळ्या, तांबड्या व तपकिरी छटा लोहाच्या ऑक्साइडांच्या, आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइडचा.

येथे चित्रकलेच्या शिक्षकांना ठाऊक असलेला नियम आडवा येतो. रंगद्रव्य प्रकाश शोषते, म्हणून वर चढवलेली कोणतीही छटा दाताचा उजळपणा थोडा कमीच करते. गडद दात फिका करणे जवळजवळ अशक्य. पांढरा लावला तर तो उजळतो, पण अपारदर्शक होऊन पुन्हा खडू होतो. म्हणून मुळातली कॅप हव्या त्या रंगापेक्षा किंचित उजळ छापणे शहाणपणाचे. पिवळेपणा जास्तच वाटला तर जांभळट छटेचा अगदी पातळ हात मारतात. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, ती याच हिशेबाने. तीही पिवळेपणा मारते, पण कपडा थोडा काळवंडतो, आणि जास्त झाली की सगळ्यांच्या लक्षात येते! आमच्या मते या कामात रंग लावण्यापेक्षा हात आवरणे अवघड आहे.

रंग लावण्यापूर्वी पृष्ठभागाला पोत देतात. तरुण माणसाच्या दातावर आडव्या, अतिशय बारीक वळ्या असतात. वयाबरोबर त्या झिजतात. तेव्हा विशीतल्या मुलीच्या कॅपवर बर फिरवून पुसट रेषा काढाव्या लागतात, आणि साठीतल्या गृहस्थांच्या कॅपवर त्या काढल्या तर दात शेजाऱ्यांहून चाळीस वर्षांनी लहान दिसतो.

यानंतर येते ग्लेझ, म्हणजे झिलई. लोणच्याची चिनी मातीची बरणी घरोघरी परिचयाची आहे. तिच्यावरचा चकचकीत थर म्हणजे भट्टीत वितळून पसरलेली काच. चिनी मातीच्या कॅपना आजही अशीच भट्टीतली झिलई देतात. रेझिन मात्र भट्टीत टिकणार नाही. म्हणून त्यावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या, नितळ रेझिनचा पातळ हात देतात. तो काय करतो हे पाहण्यासाठी घासलेल्या, धूसर काचेच्या तुकड्यावर खाद्यतेलाचा एक थेंब पसरा. तेवढ्या भागातून पलीकडचे दिसू लागेल. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्याने खाचा भरून निघतात आणि पृष्ठताणामुळे तेलाचा वरचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. ग्लेझ म्हणजे घट्ट झालेले तेलच म्हणा ना. खालच्या खाचा तशाच राहतात, पण प्रकाशाला त्या दिसेनाशा होतात. कुंचल्याने दिलेले रंगही त्यामुळे खोलवर असल्यासारखे भासतात.

पण हवेतील ऑक्सिजन येथे खोडा घालतो. बहुवारिक तयार होताना जे मुक्त मूलक साखळी पुढे नेतात, त्यांना ऑक्सिजन गाठतो आणि साखळी थांबते. परिणामी सर्वांत वरचा थर चिकट राहतो. काही ग्लेझ या दोषावर मात होईल अशाच घडवलेल्या असतात. इतर बाबतीत कॅप नायट्रोजनमध्ये ठेवून किंवा तिच्यावर ग्लिसरीनचा लेप देऊन प्रकाश पाडतात. ही पायरी वगळली तर कॅप त्या दिवशी चकाकते खरी, पण अर्धवट घट्ट झालेले रेझिन रंग शोषून घेते. आपल्या स्वयंपाकघरात त्याला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हळद. तिच्यातील कर्क्युमिन तेलात विरघळते, फोडणीबरोबर दातापर्यंत पोचते आणि रेझिनला पिवळे करते. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात ठेवला की फिकट होतो. दात काही दोरीवर वाळत घालता येत नाही.

पॉलिशची गोष्ट वेगळी. ग्लेझ खाचा झाकते, पॉलिश उंचवटे काढते. मोझॅक फरशीला पॉलिश करणारा कारागीर आधी जाड दगड वापरतो, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे लहान ओरखडे मागे ठेवतो. दातावरही रबराची चाके, मग प्युमिस या ज्वालामुखी खडकाची ओली पूड आणि शेवटी हिऱ्याच्या अतिसूक्ष्म कणांची पेस्ट असा क्रम असतो. मधली एक पायरी गाळली तर शेवटची पेस्ट तासभर फिरवूनही खोल ओरखडा निघत नाही. जोर व वेग बेताचाच लागतो, कारण घर्षणाने तापलेले रेझिन मऊ पडते. आणि रंगाचा हात इतका पातळ असतो, की त्यावर पॉलिश चालवले तर रंगच निघून जातो. म्हणून पुढच्या दर्शनी बाजूला रंग व ग्लेझ, आणि जेथे दातावर दात घासतो तेथे पॉलिश, अशी वाटणी करणे बरे. चावताना ग्लेझ तेथे लवकर झिजते.

आता या सगळ्या खटाटोपाचा दुसरा हेतू पाहू. पृष्ठभाग चकाकायचा, तर त्यावरील उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत बराच लहान असावा लागतो. समोरून पाहताना साधारण तिच्या एक अष्टमांशाहून कमी. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. आणि दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूचा व्यासही अर्ध्या-पाऊण मायक्रोमीटरच्या आसपास! हा योगायोगच, पण मोठा कामाचा. जिवाणूला दडायला जेवढी खाच लागते, ती प्रकाश विखुरण्याइतकी मोठी असतेच. १९९७ साली बोलेन, लॅम्ब्रेख्ट्स आणि क्विरिनेन या संशोधकांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले, की सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जिवाणूंचा थर वाढतो. त्याखाली आणखी गुळगुळीत करून विशेष फरक पडत नाही. म्हणजे पॉलिश ही केवळ शोभा नव्हे. निस्तेज कॅपच्या कडेची हिरडी सुजते, ती तिथे साचलेल्या थरामुळे.

नेमके हेच कामात विसरले जाते, असे आम्हांला वाटते. समोरची बाजू आरशात दिसते, म्हणून तिच्यावर मेहनत होते. जिभेकडची बाजू आणि हिरडीलगतची कड कोणाला दिसत नाही. जिभेला मात्र ती कळते. अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपासचा खडबडीतपणाही तिला जाणवतो, असे मोजमापांत आढळले आहे. केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रोमीटर, हे लक्षात घेतले म्हणजे जिभेच्या या कर्तबगारीची कल्पना येईल.

बाईंची कॅप बदलली नाही. तीच काढून तिच्या आडव्या पायऱ्या घासल्या, मानेला थोडा तपकिरी व कडेला करडा दिला, झिलई चढवली आणि जिभेकडची बाजू पॉलिश केली. पाऊण तासाचे काम. या वेळी दंतवैद्यांनी कॅप दातावर नुसती टेकवली, शेजारचे दात पाण्याने ओले केले आणि बाईंना हातात आरसा देऊन दवाखान्याच्या दाराबाहेर उन्हात उभे केले. सिमेंट लावले ते त्यानंतर. पाच-सहा महिन्यांनी, ब्रश सर्वांत जोरात लागतो त्या उंचवट्यावरची झिलई मंद झाली. ती पुन्हा द्यावी लागली, आणि मऊ ब्रश वापरा असे बजावण्यात आले. तोवर बाईंनी आठवीच्या वर्गात धूसर काच आणि तेलाचा थेंब हा प्रयोग करून दाखवला होता. 'तुमच्या दातावर पण तेल आहे का?' असे एका मुलाने विचारले तेव्हा त्या मोकळेपणाने हसल्या, आणि तोंडावर हात घ्यायचे विसरल्या.