बंद गाठीचा बाजार

अक्राच्या कांतामांतो या जुन्या कपड्यांच्या बाजारात गाठ फोडल्यावरच कळतं आपण काय घेतलं ते. तोवर पैसे मोजून झालेले असतात, तेही अनेकदा उसनवारीचे. ब्रिटन-युरोप-अमेरिकेत दान केलेले कपडे गोदामांत निवडले जातात, साधारण 55 किलोच्या गाठींत आवळले जातात आणि घानाच्या तेमा बंदरात उतरतात. बाजाराच्या बोळांतून ही गाठ डोक्यावर वाहतात त्या ‘कायायेई’, म्हणजे बहुतेक उत्तर घानातून पोटासाठी आलेल्या बायका आणि मुली.

गाठ सुटली की प्रतवारी. वरच्या, बिनडागी मालावरच मुद्दल सुटायला हवं. बाकीचा माल कारागिरांकडे जातो. ढगळ शर्ट उसवून बेताचा करायचा, विटलेली जीन्स पुन्हा रंगवायची, कोळशाच्या इस्त्रीने घडी बसवायची. युरोपातल्या परिषदांत जिचे गोडवे गातात ती चक्राकार अर्थव्यवस्था खरी चालते ती या टपऱ्यांत! आठवड्याला दीड कोटी नग येतात, असा ‘द ओआर फाउंडेशन’ या संस्थेचा अंदाज. त्यातले 40 टक्के कचऱ्यात जातात, असं ती म्हणते; आयातदारांची संघटना म्हणते, जेमतेम 5. आकडा कुठलाही धरा, कोर्ले खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलेले, पिळवटलेल्या कपड्यांचे दोरखंड दिसतातच.

मग आयातच बंद करावी? रवांडाने 2016 मध्ये जुन्या कपड्यांवरचा कर किलोमागे 20 सेंटवरून अडीच डॉलर केला. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि 2018 मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची तिथली करमाफी गेली. याच वाटेने निघालेले केनिया, टांझानिया, युगांडा त्याआधीच नरमले होते. आणि कांतामांतोवर तर सुमारे 30,000 लोकांचं पोट आहे. तिथे बंदी कोणालाच नको.

1 जानेवारी 2025 पासून युरोपीय संघात टाकाऊ कापड वेगळं गोळा करणं सक्तीचं झालं. त्याच रात्री कांतामांतोला आग लागली आणि बाजाराचा मोठा भाग जळाला. व्यापाऱ्यांनी तो काही महिन्यांत पुन्हा उभा केला. सक्तीमुळे युरोपात गोळा होणारा माल वाढणार, आणि नवे कपडे तर दिवसेंदिवस तकलादू. हा माल निस्तरायला फ्रान्समध्ये कपड्यांच्या कंपन्या नगामागे वर्गणी भरतात. ती तिथल्याच संकलनावर आणि निवडीवर खर्च होते. शेवटची चिंधी निस्तरणारं अक्रा त्या हिशेबात नाही. मला खोट इथेच दिसते. 2023 मध्ये कांतामांतोचे व्यापारी ब्रसेल्सला जाऊन हेच मागून आले, की कपड्यांमागोमाग वर्गणीही येऊ द्या. 2025 मध्ये संघाने वर्गणी सगळ्याच सदस्य देशांना लागू केली. व्यवस्था उभारायला मुदत 30 महिन्यांची. तोवर गाठीतला तोटा फोडणाऱ्याचाच.